चिलटांचा शिरा, बेडकांची पंगत

(वाचकांचे प्रश्न: घरातले प्राणी)

प्रश्न : नमस्कार. मी भुसावळची, वय ६१. मुलगी पुण्याला नोकरी करायची, ती आता दोन वर्षांसाठी परदेशात गेली आणि जाताना तिचे चार हिरवे-काळे बेडूक आमच्या गळ्यात टाकून गेली. डार्ट फ्रॉग म्हणतात त्यांना. नखाएवढं तोंड आणि खाणार काय तर जिवंत बारीक माश्याच. तिने माश्यांच्या तीन बरण्या लावून दिल्या होत्या, मार्चपर्यंत भरपूर माश्या निघाल्या, एप्रिल लागला आणि सगळं ठप्प. अळ्या दिसतात, मग काळ्या पडतात, संपलं. केळं घालून पाहिलं, गूळ घातला, पुण्याहून नवी बरणी मागवली तरी तेच. बेडूक एसीच्या खोलीत आहेत पण बरण्यांना वास येतो म्हणून त्या मागच्या पडवीत ठेवते. सासूबाई रोज विचारतात, "हाई काय शे व माय, लोके चिलटं मारतस आन तू पाळी राहिनी!" माझं चुकतंय कुठे?

उत्तर : काकू, तुमचं नाही चुकत, पडवीचं चुकतंय. ही फळांवरची चिलटं, पाळायला खुरट्या पंखांची, न उडणारी घेतात, आणि या माशीचा सगळा हिशोब टेंपरेचरवर चालतो. २५ डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात, १८ डिग्रीला त्याच्या जवळपास दुप्पट, आणि ३० च्या वर गेलं की नर वांझ होतात, म्हणजे माद्या अंडी घालतात पण ती फुटतच नाहीत, त्याच्याही वर अळ्या बरणीतच शिजतात. आता भुसावळच्या एप्रिलमध्ये पडवीत किती असतं ते मी तुम्हाला काय सांगू. तुम्ही गूळ नाही, अमृत घातलं असतं तरी काही झालं नसतं.

तर पहिलं काम, बरण्या उचला आणि बेडकांच्याच खोलीत आणा. त्या बेडकांनाही २८-२९ च्या वर सोसत नाही, म्हणजे एसी तर तुम्हाला चालवायचाच आहे, मग त्याच थंडाव्यात माश्या का नाही. वासाचं म्हणाल तर वास माश्यांचा नसतो, सडलेल्या केळ्याचा असतो, त्याचं पुढे सांगतो.

लाईट गेली तर काय, हा खरा प्रश्न. माझ्याकडे जळगावला एसी नाहीच, मी मातीचा मोठा माठ घेतो, त्याच्या बुडाशी चार बोटं ओली वाळू, बरणी त्या वाळूत ठेवायची, तोंडावर ओलं गोणपाट, आणि अख्खा माठ परातीत पाणी घालून सावलीत, जिथे वारा लागतो तिथे. गेल्या मे महिन्यात खोलीत ३९ होतं तेव्हा माठात थर्मामीटर २७ दाखवत होता. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा आहे म्हणून हे जमतं, कोकणातल्या माणसाने करायला जाऊ नये. परातीतल्या पाण्याचा दुसरा फायदा, मुंग्या येत नाहीत. मुंग्यांना एकदा बरणी सापडली की रात्रीतून सगळी साफ, सकाळी तुम्हाला मुंग्यांच्या तोंडी माश्यांची मिरवणूक भिंतीवर चाललेली दिसते.

आता खाणं. नुसतं केळं घातलं की पाणी सुटतं, बुरशी धरते आणि माश्या त्यातच चिकटून मरतात. प्रयोगशाळेत या माश्यांना जे देतात ते खरं सांगायचं तर आपला रवा-गुळाचा शिराच असतो, फक्त तूप नाही. पाव लिटर पाणी, २५ ग्रॅम रवा, २५ ग्रॅम गूळ, आणि घट्ट व्हायला छोटा अर्धा चमचा चायना ग्रासची पूड, किराणा दुकानात मिळते. गूळ पाण्यात विरघळवा, चायना ग्रास घाला, उकळी आली की रवा सोडा, गुठळ्या होऊ देऊ नका, लापशीसारखं झालं की उतरवा आणि दोन चमचे पांढरं व्हिनेगर ढवळा, बुरशी त्याने थांबते. चव द्यायची हौस असेल तर अर्धं पिकलेलं केळं कुस्करा, जास्त नको. गरम असतानाच बरणीत दोन बोटं ओता, वर फडकं टाकून पूर्ण गार होऊ द्या, वाफेचं पाणी कडेला जमलं तर पुसून घ्या. मग चिमूटभर यीस्ट वर भुरभुरा. अळ्या खातात ते मुख्यतः यीस्टच, शिरा हे त्या यीस्टचं खाणं आहे असं समजा. अंड्याच्या ट्रेची एक पट्टी उभी खोचा म्हणजे चढायला जागा होते, ५०-६० माश्या सोडा, तोंडाला जुन्या धोतराचं दुहेरी कापड आणि रबर. झाकण नको, गुदमरतील.

तारीख लिहा बरणीवर, अगदी न चुकता, कारण तीन दिवसांनी कोणती कधीची ते कुणालाच आठवत नाही. दर आठवड्याला एक नवी बरणी लावायची म्हणजे कधी खंड पडत नाही. महिना-सव्वा महिना झाला की जुनी बरणी काढून टाका, त्यात कितीही माश्या दिसोत, कारण जुन्या बरणीत बारीक पांढरे माइट होतात, पीठ सांडल्यासारखे दिसतात आणि हळूच चालतात, ते एकदा शेजारच्या बरण्यांत गेले की सगळी शेती बसली. टाकताना मात्र भुसावळचं ऊन कामाला येतं, काळ्या पिशवीत बांधून दुपारभर गच्चीवर ठेवा, आतलं काही जिवंत राहत नाही.

खायला देताना बरणी टेबलावर दोनदा आपटा म्हणजे माश्या खाली पडतात, मग फडकं काढून थोड्या एका कोरड्या ग्लासात झटका, त्यात चिमूटभर कॅल्शियम आणि डी-३ व्हिटॅमिनची पावडर आणि ग्लास गोल फिरवा. माश्या पिठात घोळलेल्या भजीसारख्या पांढऱ्या होतात. हा भाग टाळू नका, नुसत्या माशीत कॅल्शियम फार कमी असतं, बेडकाची हाडं मऊ पडतात, पाय वाकडे होतात. एका बेडकाला वीस-पंचवीस बास, अर्ध्या तासात संपतील एवढ्याच. उरल्यासुरल्या माश्या रात्री बेडकाच्या अंगावर फिरतात आणि त्याला हैराण करतात, म्हणून टाकीच्या एका कोपऱ्यात केळ्याची चकती ठेवा, माश्या तिथे गोळा होतात आणि बेडूकही मग तिथेच डबा खायला बसतो.

सासूबाईंना विषाची भीती असेल तर सांगा, हे बेडूक मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात विषारी असतात ते तिथल्या मुंग्या-माइट खाऊन, आपला शिरा खाल्लेली चिलटं खाऊन विष येत नाही. हात तरी लावू नकाच, बेडकाची कातडी नाजूक. आणि मुलीला एक विचारा, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली आहे का. या जाती, ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत त्यांच्या यादीत (CITES) आहेत आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे प्राणी ज्याच्याकडे आहेत त्याने नोंदणी करायची असते. कागद भुसावळला तुमच्याजवळ असू द्या.

प्रश्न : भाऊ, मी सावद्याचा, घरची केळीची बाग. पुण्याचा मित्र म्हणाला बेडूकवाल्यांना माश्या विकत घ्याव्या लागतात, म्हटलं आपल्याकडे माल फुकटचा, करू धंदा. पहिली बॅच दोन दिवसात सगळी मेली, दुसरी चांगली आली पण पुढच्या पिढीत माश्या चक्क उडायला लागल्या, आई चिडली. केळीवरच्या फवारणीने मेल्या का?

उत्तर : दादा, फवारणीचं असू शकतं, सालीसकट घालत असशील तर साल काढून फक्त गर घे. पण माझा पहिला संशय तुझ्या खोलीतल्या डासाच्या मशीनवर. ते लिक्विड डासाला मारतं तर डासाहून बारीक माशीला सोडेल का? मुंग्यांचा खडू, अगरबत्तीसारखी कॉइल, सगळं त्यातच आलं. माश्या जिथे तिथे हे काहीही नको, आणि बेडूक जिथे तिथे तर अजिबात नको, तो कातडीने सगळं शोषतो.

उडायचं कारण मजेशीर आहे. तुझ्या माश्यांना पंख खुरटलेले असतात तो गुण दबणारा आहे, आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. केळीच्या घरात रानचिलटं काय कमी, त्यातला एक नर फडक्याच्या फटीतून आत शिरला की त्याची सगळी पोरं उडणारी. १९१० साली अमेरिकेत मॉर्गन नावाच्या शास्त्रज्ञाला बाटलीत एक पांढऱ्या डोळ्यांची माशी दिसली आणि असल्याच पिढ्या मोजत मोजत त्याला १९३३ ला नोबेल मिळालं, तुला आईच्या शिव्या मिळाल्या. खुरट्या पंखांच्या काही माश्यांना जास्त उष्णतेत वाढवलं तरी पंख मोठे येतात, तेही बघ. ती बरणी आता टाकून दे, निवडत बसू नकोस. नवी मूळ बरणी मित्राकडून मागव, नाहीतर जवळच्या कॉलेजच्या प्राणीशास्त्र विभागात विचार, जेनेटिक्सच्या प्रॅक्टिकलला याच माश्या वापरतात. आणि बरण्या केळीच्या गोडाऊनपासून लांब, दुहेरी फडकं.

धंद्याचं म्हणशील तर केळं हा यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे रे. उन्हाळ्यात सावद्याहून पुण्याला एसटीच्या पार्सलात बरणी जिवंत पोचवून दाखव, मग बोलू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी करून बघ आधी.

प्रश्न : शहाद्याहून. पावसाळ्यात शेतात बोटाच्या पेराएवढी बेडकाची पिल्लं निघतात, मुलाने आठ-दहा पकडून बरणीत ठेवली आहेत. त्यांना या माश्या चालतील का?

उत्तर : चालतील, पण सोडून द्या. रानातल्या बेडकांच्या कितीतरी जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, बेडकाच्या तंगड्यांची निर्यातसुद्धा १९८७ ला बंद झाली ती उगीच नाही. मुलाला माश्याच वाढवायच्या असतील तर वाढवू द्या, दहा दिवसांत अंडं-अळी-कोष-माशी सगळं काचेतून दिसतं. पिल्लं संध्याकाळी, जिथून आणली त्याच बांधावर नेऊन सोडा, ऊन उतरल्यावर.