बरा झालाय, मग गोळ्या बंद करू का?

प्रश्न: धाकट्या दिराला स्किझोफ्रेनिया आहे. वर्षभर गोळ्या चालू आहेत, आता एकदम नॉर्मल आहे, द्राक्षबागेत कामाला पण जातो. सासूबाई म्हणतात बास आता गोळ्या, नुसता झोपतो आणि वजन वाढलंय. बंद करू का? – एक वाचक, तासगाव

उत्तर: नको ताई, अजिबात नको. तो नॉर्मल दिसतोय ते गोळ्यांमुळंच. या आजारात कानात आवाज येणं, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटणं, याचा मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाशी संबंध आहे आणि गोळ्या ते आवरून धरतात. सोडल्यावर दोन-चार दिवस काहीच होत नाही, मग घरचे म्हणतात बघा गरजच नव्हती, आणि पुढं काही महिन्यांत परत सगळं सुरू, इथंच लोक फसतात.

सासूबाईंची तक्रार मात्र खरी आहे हां. या आजारावरच्या ओलान्झापिन नावाच्या गोळीनं भूक एवढी लागते की जेवून उठलेला माणूस रात्री अकराला परत भाकरी मागतो. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, शुगर पण तपासून घ्या. रोजच्या गोळीचा कंटाळा असेल तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, त्याचं विचारा. अडलं तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि बागेतलं काम चालू राहू द्या.