माणूस दिसला की रोबोट थिजतो

प्रश्न : मी एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा रोबोट 2 मीटर रुंद पॅसेजमधून नीट जातो, पण समोरून माणूस आला की थबकतो आणि माणूस गेल्यावरही हलत नाही. आरओएस 2 या रोबोट-सॉफ्टवेअरवरचं नॅव्ह2 (रोबोटला वाट काढून देणारी प्रणाली) आणि टू-डी लायडार (एका पातळीत लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) वापरतो. माणसापासून 1.2 मीटर अंतर सक्तीचं ठेवलं आहे. काय चुकतंय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुख्य चूक त्या सक्तीत आहे. 0.45 ते 1.2 मीटर हे व्यक्तिगत अंतर मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1966 मध्ये मांडलं, तेही अमेरिकी मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणावरून. पॅसेजच्या मधून चालणाऱ्या माणसाभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर ते दोन्ही भिंतींना भिडतं. प्लॅनरला, म्हणजे वाट आखणाऱ्या भागाला, वाटच उरत नाही. ट्रॉटमन आणि क्राउझ या संशोधकांनी 2010 मध्ये याच थिजण्यावर लिहिलं होतं: माणूसही थोडा सरकून जागा देतो, हे गणितात धरायलाच हवं.

कॉस्टमॅपमध्ये (जागेचे चौकोन पाडून प्रत्येकाला 'किती टाळायचं' याचा आकडा देणाऱ्या नकाशात) 254 म्हणजे अडथळा, 253 म्हणजे रोबोटचं अंग नक्की घासणार. माणसापासून अंतर राखण्यासाठी त्याच्याभोवती जो सामाजिक थर देता, त्याचं मूल्य 180 च्या आसपास रोखा. मग ऐसपैस जागा असेल तिथे रोबोट लांबून जाईल, अडचणीत जवळून. वर्तुळही नको, चालण्याच्या दिशेने लांब, पाठीमागे आखूड असा गॉसियन (माणसापासून दूर जाताना हळूहळू उतरणारा आकार) घ्या.

माणूस गेल्यावर कॉस्टमॅपवर उरणारा त्याचा डाग ही वेगळी भानगड. लांब पॅसेजमध्ये किरण परतत नाही, लायडार 'अनंत' देतो आणि ऑब्स्टॅकल लेअर (कॉस्टमॅपवर अडथळे नोंदवणारा आणि पुसणारा थर) ते वाचन टाकून देतो. त्यामुळे जुने चौकोन पुसलेच जात नाहीत. 'इन्फ_इज_व्हॅलिड' (अनंत वाचनही ग्राह्य धरणारी सेटिंग) चालू करा आणि रेट्रेसची, म्हणजे किरणाच्या वाटेतले चौकोन पुसण्याची, कमाल मर्यादा अडथळा नोंदवण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त ठेवा.

लोकल कॉस्टमॅप (रोबोटभोवतीचा, त्याच्यासोबत सरकणारा छोटा नकाशा) नॅव्ह2 च्या नमुना फाइलीतलाच 3 × 3 मीटरचा असेल, तर रोबोटला पुढचं जेमतेम 1.5 मीटर दिसतं. माणूस 1.4 आणि रोबोट 0.5 मीटर प्रतिसेकंद वेगाने समोरासमोर आले, तर हाताशी 0.8 सेकंदही नाही. 8 × 8 केलं की दोन सेकंद मिळतात.

आणि लायडारच्या वाचनातून माणसाचे पाय ओळखणारा डिटेक्टर वापरत असाल, तर तो साडी नेसलेल्या व्यक्तींवर जरूर तपासा. तो दोन सुटे पाय शोधतो. घोळदार वस्त्राचा एकच रुंद पुंजका दिसला की माणूस हुकतो. उलट खुर्चीचे पाय मात्र माणूस ठरतात. वेगाची अट घातली तर खुर्च्या गळतात, पण उभी माणसंही गळतात. म्हणून कॅमेऱ्याची जोड द्या.