हळेबीडूतलं ‘बीडू’ आणि आपलं बिऱ्हाड

प्रश्न असा आलाय की, कर्नाटक टूरमध्ये गाइडने ‘हळेबीडू म्हणजे उद्ध्वस्त शहर’ असं सांगितलं, ते बरोबर आहे का, आणि त्यातल्या बीडूचा मराठी बिऱ्हाडाशी काही संबंध लागतो का?

पहिल्या भागाचं उत्तर, अर्धवट बरोबर. गाव उद्ध्वस्त झालं होतं हे खरं, पण नावात ते नाही. कन्नडात ओसाड, उजाड याला ‘हाळु’ म्हणतात, हंपीला ‘हाळु हंपे’ म्हणतात ना, तो हा शब्द. इथे आहे ‘हळे’, म्हणजे नुसतं जुनं. (‘हळ्ळी’ म्हणजे खेडं, ते आणखी तिसरंच, त्याची गल्लत नको.) तमिळमध्ये जुन्याला ‘पळैय’ म्हणतात, शब्द तोच, कारण जुना ‘प’ कन्नडात पुढे ‘ह’ झाला. सोन्याला तमिळ ‘पोन्’, कन्नड ‘होन्नु’, आणि त्यावरूनच आपला शिवकालीन होन!

आता बीडू. मूळ क्रियापद ‘बिडु’, म्हणजे सोडणं. दिवसभर चालून आलेलं सैन्य बैलांचं जू सोडतं, ओझी उतरवतं, ती जागा म्हणजे बीडू, आपल्याकडे तळ म्हणतात तसं. तमिळमध्ये याचंच भावंड ‘वीडु’, आणि तिथे त्याचा अर्थ चक्क घर. कन्नड शिलालेखांत राजधानीला ‘नेलेवीडु’ म्हटलेलं दिसतं, म्हणजे कायमचा तळ, आणि गंमत म्हणजे त्या जोडशब्दात जुना ‘व’ तसाच टिकलाय, एरवी कन्नडात त्याचा ‘ब’ झाला. तळ आणि तोही कायमचा, हे मला फार आवडतं, राजा कुठेही मुक्कामाला असो, त्याचं खरं बीडू हे.

याच कुळातला कन्नड शब्द ‘बिडार’, म्हणजे मुक्कामाची जागा, आणि मराठीत बिऱ्हाडाचं ‘बिढार’ असंही रूप आहे, त्यामुळे नातं आहे असं माझं तरी मत. अर्थसुद्धा बघा ना, बिऱ्हाड म्हटलं की स्वतःचा वाडा नाही डोळ्यासमोर येत, भाड्याची खोली येते, नाहीतर विंचवाच्या पाठीवरचं. सामान उतरवलंय, पण उद्या उचलावं लागेल.

गाव नांदतं होतं तेव्हा त्याला कोण जुनं म्हणेल? तेव्हा ते दोरसमुद्र (द्वारसमुद्र), होयसळांची राजधानी. हासन जिल्ह्यात समुद्र कुठला, तर मोठा तलाव, तो आजही होयसळेश्वराच्या देवळाजवळ आहे. होयसळेश्वराचं काम 1121 च्या सुमारास सुरू झालं, विष्णुवर्धनाच्या काळात. 1311 मध्ये मलिक काफूरची स्वारी आली, पुढे तुघलकाचं सैन्य आलं, राजधानी गेली, आणि मागे उरलेल्या वस्तीला लोक ‘जुना तळ’ म्हणायला लागले.

देवळाच्या भिंतीवरचे हत्ती सगळेच बघतात, त्यावर मी काय लिहू. पण तिथून थोडं पुढे जैन बसदी (म्हणजे मंदिरं) आहेत तिकडे जरूर जा, टूरवाले बहुतेक वेळा टाळतात. पार्श्वनाथ बसदीत काळेभोर, कातून घोटलेले खांब आहेत, जवळ उभं राहिलं की आपलंच वेडंवाकडं प्रतिबिंब दिसतं, मी तर तिथे दहा मिनिटं मान हलवत बसलो होतो, वॉचमन हसत होता. आणि ‘बसदी’ म्हणजे संस्कृत ‘वसति’च, व चा ब झालेला. आपली वस्ती तीच. कोल्हापूर-सांगलीकडे जैन मंदिराला ‘बस्ती’ म्हणतात, ते इथूनच समजून घ्या.

लिहिताना मराठीत हळेबीड चालतं, हळेबीडू जास्त बरं. ‘हलेबिड’ मात्र नको, ते इंग्रजी स्पेलिंग वाचून झालंय.