वाचकांचे प्रश्न : श्वास घेण्याची निकड कशामुळे वाटते?

प्रश्न : माझे वय ६३ आहे. आमच्या सोसायटीच्या सभागृहात रोज सकाळी प्राणायामाचा वर्ग भरतो. कुंभक करताना, म्हणजे श्वास रोखून धरताना, काही वेळाने पोटात आतून धक्के बसू लागतात आणि श्वास घेतल्यावाचून राहवत नाही. शरीरातला प्राणवायू संपत आला की असे होते, असे वर्गात सांगतात. अकरावीतला माझा नातू सुटीत तलावावर पोहायला जातो. बुडी मारण्याआधी वीस-पंचवीस वेळा जोरजोरात श्वास घेतला की छातीत प्राणवायू साठतो आणि पाण्याखाली जास्त वेळ राहता येते, असे त्याचे म्हणणे. हे दोन्ही खरे आहे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नातवाच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर आजच त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे. बुडी मारण्याआधी असे जोरजोरात श्वास घेणे त्याने ताबडतोब थांबवावे. त्यामुळे पाण्याखाली जास्त वेळ राहता येते हे खरे आहे. परंतु ते प्राणवायू साठतो म्हणून नव्हे, तर धोक्याची सूचना देणारी यंत्रणा काही काळ गप्प बसते म्हणून. उत्तम पोहता येणारी धडधाकट मुले याच सवयीपायी उथळ पाण्यात बेशुद्ध होऊन दगावली आहेत.

निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्तात हिमोग्लोबिन मुळातच ९७-९८ टक्के प्राणवायूने भरलेले असते. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर हा आकडा आपणही पाहिला असेल. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ते किती मावणार? जोरजोरात श्वास घेतल्याने प्राणवायू वाढतो तो अगदी थोडा, पण कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर बाहेर टाकला जातो, आणि श्वास घेण्याची निकड मेंदूला जाणवते ती मुख्यतः याच वायूमुळे.

मेंदूच्या तळाशी, जेथून मज्जारज्जू सुरू होतो तेथे, लंबमज्जा नावाचा भाग आहे. रक्तातील कार्बन डायऑक्साइड मेंदूभोवतीच्या द्रवात सहज उतरतो, तेथे त्याच्यामुळे आम्लता किंचित वाढते आणि ही किंचितशी वाढ लंबमज्जेच्या पृष्ठभागाजवळच्या पेशी अचूक टिपतात. धमनीतील रक्तात या वायूचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या ४० मिलिमीटरइतका असतो. तो तीन मिलिमीटरने जरी वाढला, तरी एरवी मिनिटाला सहा लिटरच्या आसपास हवा आत घेणारा माणूस जवळजवळ दुप्पट हवा घेऊ लागतो. फुप्फुसांच्या वायुकोशांतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण शरीर किती कसोशीने स्थिर राखते, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या इंग्लंडमधील संशोधकांनी १९०५ मध्येच दाखवून दिले होते.

प्राणवायूवर लक्ष ठेवणारी व्यवस्था वेगळी आहे. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, जेथे मुख्य धमनीला दोन फाटे फुटतात तेथे, तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन गाठी असतात; त्यांचे कार्य उलगडून दाखवल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र रक्तातील प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरवरून ६० च्या आसपास उतरेपर्यंत या गाठी फारशी ओरड करत नाहीत. नातवाच्या बाबतीत घात होतो तो इथेच.

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे हा सारा व्यवहार मला रोज डोळ्यांसमोर दिसतो. शस्त्रक्रिया संपत आली की रुग्णाचा स्वतःचा श्वास परत यावा म्हणून आम्ही यंत्राचे श्वास कमी करत नेतो. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडचा आकडा ३६, ४०, ४४ असा हळूहळू चढत असतो, प्राणवायूचा आकडा मात्र ९९ वरच ठाम असतो, आणि मी रुग्णाच्या पोटावर नजर ठेवून थांबलेली असते. मग एका क्षणी पोट जरासे उचलले जाते. प्राणवायूची उणीव तसूभरही नसताना, केवळ त्या चढत्या आकड्याच्या रेट्याने आलेला तो पहिला श्वास असतो. इतक्या वर्षांनंतरही तो पाहिल्यावर मला बरे वाटते.

आता आपल्या नातवाचा विचार करा. जोरजोरात श्वास घेऊन त्याने आपला कार्बन डायऑक्साइडचा आकडा ४० वरून पंचविसाच्या जवळ आणलेला असतो. पाण्याखाली हातपाय मारताना स्नायू प्राणवायू खात राहतात, पण सूचना मिळण्यासाठी आकडा पुन्हा ४० च्या वर चढावा लागतो, आणि तो चढण्याआधीच मेंदूला पुरेल इतका प्राणवायू रक्तात उरलेला नसतो. मुलाला गुदमरल्यासारखे वाटतच नाही. त्याची एकदम शुद्ध हरपते, पुढे शरीर आपोआप श्वास घेते, आणि छातीत पाणी जाते. काठावरच्या लोकांना तो मजेत बुडी मारून बसला आहे असेच वाटत असते. त्याने एकट्याने बुडी मारण्याची पैज कधीही लावू नये.

आपल्या कुंभकातले धक्के हे श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याचे आहेत. इच्छेने श्वास रोखण्याची आज्ञा मेंदूच्या वरच्या भागातून येते, खालून लंबमज्जा श्वास घेण्याचा हुकूम सोडत राहते, आणि या ओढाताणीत श्वासपटल आकुंचन पावते. त्या वेळी आपले ऑक्सिमीटर लावून पाहिले तर आकडा बहुधा फारसा उतरलेला नसेल. अर्थात सगळे श्रेय एकट्या कार्बन डायऑक्साइडला देणेही बरोबर नाही. श्वास रोखणे असह्य झाल्यावर माणसाला प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा काही वेळा आत-बाहेर करू दिली, तरी त्याला हायसे वाटते आणि तो पुन्हा श्वास रोखू शकतो, असे १९५४ मधील एका प्रयोगात दिसून आले. म्हणजे छातीच्या हालचालीचीही शरीराला स्वतंत्र ओढ असते.

लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी प्राणायाम प्रयोगशाळेच्या कसोटीवर पारखण्याचे काम १९२४ पासून सुरू केले. त्या वाटेने पाहिले तर प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या साठ्यावर मोजण्याची गरजच नाही. आपल्याला रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर मात्र धक्के बसेपर्यंत कुंभक ताणू नये. भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास, करताना डोके हलके झाले, ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर कार्बन डायऑक्साइड फार उतरला असे समजून थांबावे व शांतपणे नेहमीचा श्वास घ्यावा.

प्रश्न : माझे वडील झोपेत घोरतात. मध्येच दहा-पंधरा सेकंद श्वास थांबतो आणि मग मोठा आवाज करून सुरू होतो. झोपेत मेंदू श्वास घ्यायला विसरतो का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : बहुतेक रुग्णांत मेंदू विसरलेला नसतो. श्वासाचा ठेका धरणारा पेशींचा लहानसा समूह लंबमज्जेतच आहे. १९९१ मध्ये तो ओळखला गेला आणि त्याला प्री-बॉट्झिंगर समूह म्हणतात. तो झोपेतही आज्ञा देत राहतो, ती मानेतल्या मज्जातंतूंमधून श्वासपटलापर्यंत पोहोचते, पण झोपेत सैल पडलेल्या घशाच्या स्नायूंमुळे हवेची वाटच बंद झालेली असते. आज रात्री वडिलांच्या पोटाकडे पाहा. नाकातून हवा येत नसताना पोट आणि छाती धडपडत असतील, तर अडथळा घशात आहे. पोटही निश्चल असेल, तर आज्ञाच निघत नसण्याची शक्यता असते. तसे हृदयाच्या किंवा मेंदूच्या काही विकारांत आणि काही वेदनाशामक औषधांनी होऊ शकते. दोन्ही प्रकारांत डॉक्टरांना दाखवायलाच हवे. जाताना मोबाइलवर पाच मिनिटांचे चित्रीकरण करून न्या, त्यात चेहरा आणि पोट दोन्ही दिसतील असे पाहा, आणि वडील घेत असलेल्या सर्व गोळ्यांची यादी सोबत ठेवा.