कोचीच्या ज्यू टाउनमधून घरासाठी खरी जुनी वस्तू घ्यावी का?

जुन्या वस्तू तिथे पोटभर बघा, पण विकत घ्या ती आजच्या कारागिराच्या हातची, असं माझं ठाम मत आहे.

कोचीच्या मट्टनचेरी भागातली ज्यू टाउनची ही गल्ली मुळात मसाल्याच्या व्यापाराची. तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ सालचं (शनिवारी बंद असतं, तो वार टाळा). इस्रायल स्थापन झाल्यावर बहुतेक ज्यू कुटुंबं तिकडे गेली आणि आता घरांत नि वखारींत दुकानं आहेत. दर्शनी भागात शाली, अत्तरं, मसाले. तिथे वेळ घालवू नका. मोठ्या वखारीत शिरा. केरळातले चौसोपी वाडे पाडले, की त्यांचे खांब, दारं, कोरीव तुळया अशा ठिकाणी येऊन पडतात. सोबत पायसम रटरटवायच्या काशाच्या अवाढव्य उरुळ्या. एका घराचं अख्खं स्वयंपाकघर सुटं करून ठेवल्यासारखं वाटतं, आणि मला दर वेळी त्या घराचं वाईटही वाटतं.

तुम्हाला बहुधा नेट्टूर पेट्टी आवडेल. उतरत्या छपरासारखं झाकण, पितळी पट्ट्या, दागिने ठेवायची लाकडी पेटी. नव्या पेट्याही ‘जुन्या’ म्हणून दाखवतात. झाकण उघडून आतली बाजू, तळ आणि बिजागऱ्या बघा. वापरातली झीज हात लागतो तिथे जास्त असते. सगळीकडे सारखाच काळपटपणा दिसला तर तो पॉलिशचा. शिवाय शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू विकायला १९७२ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, आणि ती खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही. अशी वस्तू परदेशातल्या मुलीला वगैरे पाठवायचं मनात असेल तर हे आधी ध्यानात घ्या. हस्तिदंत कुणी दाखवलाच तर सरळ बाहेर पडा.

एक दिवस हाताशी असेल तर रेल्वेनं चेंगन्नूरला जा. तिथून मान्नार आणि आरन्मुळा दोन्ही जवळ. मान्नारला काशाची भांडी ओततात. उरुळी तिथे वजनावर घ्या. आरन्मुळ्याचा आरसा तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा, हातानं घासून चकचकीत केलेला. त्यावर बोटाचं टोक टेकवा: बोट आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसता कामा नये. काचेच्या साध्या आरशात ती दिसतेच. आरसा लहान घेतलात तरी चालेल, पण करणाऱ्याच्या कार्यशाळेतूनच घ्या, आणि पुसायला कोणतं कापड वापरायचं तेही त्यालाच विचारा.