विद्यापीठ बदलायला हरकत नाही, पण राहता फ्लॅट गहाण ठेवून?

मुलुंड पूर्वेच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात कम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्कॉलरशिप वजा जाता, राहण्या-खाण्यासकट वर्षाला ३२ हजार डॉलर लागतात. आता तिसऱ्या वर्षापासून त्याला लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात, म्हणजे यूएससीत, ट्रान्सफर घ्यायची आहे. कॉर्नेल आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीही यादीत आहेत. तिन्ही खासगी, तिन्ही महाग.

ताई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, वय ४९. यजमान ५३ वर्षांचे, खासगी कंपनीत. दोघांचे मिळून हातात २ लाख १० हजार येतात. बदलापूरची जागा तारण ठेवून काढलेलं ३५ लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. म्युच्युअल फंडात ३६ लाख, पीपीएफमध्ये २४ लाख, यजमानांच्या पीएफमध्ये ४५ लाख. राहता फ्लॅट कर्जमुक्त आहे, पण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायच्या बेतात आहे. त्या विचारतात, "अर्ज करू द्यावा का? आणि अ‍ॅडमिशन मिळालीच तर फ्लॅट गहाण ठेवावा का? नाही म्हटलं तर तो आयुष्यभर बोलून दाखवेल."

ताई, अर्ज करू द्या. तीन अर्जांचे मिळून अडीचशे डॉलरच्या आसपास, म्हणजे बावीस-तेवीस हजार रुपये जातील. दोन वर्षं मनात घोळणारी गोष्ट मार्गी लागणार असेल तर हा खर्च जड नाही. साधारणपणे यूएससीची मुदत १५ फेब्रुवारी, कॉर्नेलची १५ मार्च आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची १ एप्रिल असते. तरी त्याने ज्या-त्या संकेतस्थळावर बघूनच अर्ज भरावा. फ्लॅटबद्दल माझं उत्तर 'नाही' असं आहे. का, ते सविस्तर सांगतो, कारण चिरंजीव तुमच्याशी वाद घालणार आणि त्या वेळी आकडे हाताशी असलेले बरे.

डॉलर ९० रुपये धरू. आहे तिथेच राहिला तर उरलेल्या दोन वर्षांना ६४ हजार डॉलर, म्हणजे ५७ लाख ६० हजार लागतील. यूएससीसारख्या ठिकाणी सगळं धरून वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या पुढे जातो. मी ९५ हजार धरलेत. दोन वर्षांचे झाले १ कोटी ७१ लाख. फरक १ कोटी १३ लाखांचा. आणि हा फरक स्कॉलरशिपने भरून निघेल या आशेवर राहू नका. यूएससी परदेशी विद्यार्थ्यांना आर्थिक गरजेवर आधारित मदत देत नाही. शिवाय आत्ताची स्कॉलरशिप तो सोडून जाणार, ती त्याच्याबरोबर जात नाही.

ही फक्त वार्षिक खर्चाची वजाबाकी झाली. ट्रान्सफरमध्ये मोजायची असतात सेमिस्टर, आणि हे मी फटका खाऊन शिकलोय. काही वर्षांपूर्वी दादरच्या एका कुटुंबाला मी फीचं कोष्टक नीट तपासून 'जमेल' म्हणून सांगितलं. मुलगी गेली. तिथे गेल्यावर तिचे दोन विषय नव्या विद्यापीठाने धरले नाहीत. त्यातला एक पुढच्या चार विषयांची पायरी होता. झालं, एक सेमिस्टर वाढलं. वडिलांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "हे तुमच्या कोष्टकात कुठे होतं?" कुठेच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

यूएससीची पदवी १२८ युनिट्सची (म्हणजे विषयांना मिळणाऱ्या क्रेडिट्सची) असते. बाहेरून आणलेली जास्तीत जास्त ६४ युनिट्स धरली जातात, उरलेली निम्मी तिथेच पूर्ण करावी लागतात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी साधारण चार सेमिस्टर आलीच. कम्प्युटर सायन्समध्ये विषय एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. डेटा स्ट्रक्चर्स धरला नाही, तर अल्गोरिदम पुढे ढकलला जातो आणि मागचे डबेही थांबतात. पाचवं सेमिस्टर लागलं तर आणखी ४७ हजार ५०० डॉलर, म्हणजे पावणेत्रेचाळीस लाख. तुमचा सगळा म्युच्युअल फंड विकूनही भागणार नाही एवढे.

आता हप्ता बघा. तो आहे तिथेच राहिला, लागणाऱ्या ५७ लाख ६० हजारांपैकी ३० लाख फंडातून काढले (वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, म्हणून दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून विका) आणि बाकीचं कर्ज वाढवून घेतलं, तर एकूण कर्ज ६२ लाखांच्या आसपास जाईल. साडेदहा टक्के, १५ वर्षं धरली तर हप्ता साडेअडुसष्ट हजार. ओढाताण आहे, पण निभेल. यूएससीचा फरकही कर्जानेच भरला तर हप्ता जातो १ लाख ९४ हजारांवर. घरात उरतात सोळा हजार. यात शिक्षण चालू असताना चढणारं व्याज धरलेलंच नाही. आणि हप्ते सुरू होतील तेव्हा यजमान छप्पन्नच्या घरात असतील.

"मी फेडेन ना," असं तो म्हणेल, आणि मनापासून म्हणेल. पण त्याची नोकरी अजून लागलेली नाही, तुमची सही मात्र आजच लागणार आहे. शिवाय पदवीनंतर अमेरिकेत काम करण्याची मुभा या विषयाला दोन्हीकडे सारखीच आहे: १२ महिने आणि वर २४. खासगी विद्यापीठाच्या नावाने त्यात एक दिवसही वाढत नाही. नावाचा फायदा ओळखी आणि कॅम्पस मुलाखतींत होतो, तो मी नाकारत नाही. पण त्यासाठी १ कोटी १३ लाख?

फ्लॅटचं म्हणाल तर रिडेव्हलपमेंटला जाणाऱ्या बिल्डिंगमधला फ्लॅट गहाण ठेवणं ही दुहेरी डोकेदुखी आहे. बँक करारनामे, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मूळ प्रतीत ठेवून घेते, सोसायटीची एनओसी मागते. उद्या डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट झालं की जागा रिकामी करायला आणि नव्या घराचा करार करायला बँकेची परवानगी लागेल. सगळे सभासद भाड्याच्या घरात गेलेत आणि तुमची फाइल बँकेच्या लीगलकडे अडकलीय, हे चित्र मी पाहिलंय. सोसायटीत तोंड दाखवायची चोरी होते.

मुलाने पूर्ण शिष्यवृत्ती मिळवली किंवा फरक ३० लाखांच्या आत आणला, तर मी वेगळा विचार करेन. त्या वेळी तीन गोष्टी लक्षात ठेवा. आत्ताचं कर्ज त्या विद्यापीठासाठी मंजूर झालंय. बदल झाला की नवं अ‍ॅडमिशन लेटर, नवा आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) आणि फीचं नवं पत्रक घेऊन बँकेकडून पुन्हा मंजुरी घ्यावी लागते, आणि ऑगस्टच्या तोंडावर ती लवकर होत नाही. दुसरं, खिशातून पैसे पाठवणार असाल तर दोघांच्या खात्यांतून विभागून पाठवा; एका व्यक्तीमागे आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो नाही. तिसरं, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची ८०-ई ची करवजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुम्ही दोघं नव्या प्रणालीत असाल तर बँकेतल्या माणसाने दाखवलेली करबचत विसरा.

फॉर्म भरण्याआधी चिरंजीवाला एक काम द्या. आतापर्यंत झालेल्या प्रत्येक विषयासमोर यूएससीत तो कशाच्या बदल्यात धरला जाईल हे लिहून, पदवीपर्यंतची सेमिस्टर मांडून तुम्हाला पाठवू दे. आणि निकाल लागून पैशांचं पक्कं होईपर्यंत जुन्या विद्यापीठातलं पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन त्याने सोडू नये. व्हिसाचा रेकॉर्ड नव्या विद्यापीठाकडे सोपवण्याची एक तारीख ठरते. ती उलटली की जुनं विद्यापीठ तो परत घेऊ शकत नाही.

तो तक्ता आला की मला पाठवा. पाचवं सेमिस्टर दिसलं तर फोनच करा, मी त्याच्याशी बोलतो.