कॉलेज करत पार्ट-टाइम काम जमेल का?

खानापूरहून बेळगावला बी.कॉम.ला येता आणि दुपारनंतर काम करायचं म्हणता, तर जरूर करा. फक्त ७५ टक्के हजेरी सांभाळा, ती बुडाली तर परीक्षेला बसणं अवघड होतं. खडेबाजार, गणपत गल्लीतल्या कापड दुकानांत दिवाळीला, लग्नसराईत जादा माणसं लागतात. कन्नडमधून भाव सांगता आला पाहिजे, एवढंच. पण तुम्हाला मी टॅक्सचं काम बघणाऱ्याकडे जा म्हणेन. जीएसटीची बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवताना जे हाताखालून जातं, ते वर्गात शिकवून येत नाही. सुरुवातीला पगार कमीच मिळेल. उद्यमबागेतल्या कारखान्यांतली रात्रपाळी मात्र नकोच, सकाळच्या तासाला डोळे उघडत नाहीत. आणि शेवटची बस कितीची, ते मालकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.